माळ राखायचा तर आधी सातबारा बघा

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. नोकरी बरीचशी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात झाली, म्हणजे सासवड-जेजुरीपासून सुपं, बारामती, इंदापूरपर्यंत. दिवसभर उन्हात हद्दीचे दगड शोधत फिरणाऱ्या माणसाला पक्षी-प्राणी मुद्दाम बघायला जावं लागत नाही. आपण शोधत असलेल्या दगडावर कुणीतरी आधीच बसलेलं असतं. आता निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतली तरुण पोरं येतात. ‘काका, आमच्या माळावर खोकडाची बिळं आहेत, चिंकारा येतो. माळ वाचवायचा तर सुरुवात कुठून करू?’ त्यांना वाटतं मी दुर्बिणीचा नंबर सांगेन. मी तलाठी कार्यालयाचा रस्ता सांगतो. (खोकड म्हणजे माळावरचा लहान कोल्हा.) (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात मात्र अजून तलाठीच.)

कागद

ज्याला बोट दाखवून आपण ‘गावचा माळ’ म्हणतो, ती जमीन कागदावर सहसा एक नसते. एकाच उतारावर वनखात्याचा तुकडा, त्याला लागून गायरान, मध्ये कुणाच्या खाजगी गटातला पोटखराबा आणि कडेला देवस्थानची इनाम जमीन, असं मी कितीदा मोजलंय. डोळ्याला मात्र सलग गवत दिसतं. खोकडालाही तसंच दिसतं. पण अर्ज कुणाकडे करायचा, परवानगी कुणाची घ्यायची, जेसीबी आला तर तक्रार कुठे द्यायची, हे सगळं त्या न दिसणाऱ्या रेघांवर ठरतं.

गटांचा नकाशा आणि सातबारा मोबाईलवर बघता येतो. माळावर जितके गट येतात तितक्यांची यादी करा. भोगवटादाराच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ दिसलं की तिथेच थांबू नका. गाव नमुना एकचे, म्हणजे तलाठ्याकडच्या जमिनींच्या नोंदवहीचे, पोटभाग बघायला मागा. १-अ मध्ये वनजमिनी असतात, १-ब मध्ये सरकारी जमिनी आणि १-इ मध्ये अतिक्रमणं. खाजगी गट असेल तर पोटखराब क्षेत्र किती तेही टिपून ठेवा. लागवडीलायक नाही म्हणून वेगळा काढलेला तो तुकडा प्राण्यांच्या दृष्टीने बऱ्याचदा सगळ्यांत चांगला असतो.

हे ‘लागवडीलायक नाही’ प्रकरण जुनं आहे. मुंबई इलाख्यातली रयतवारी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसवली. जमिनीची प्रत लावायची, त्यावर सारा ठरवायचा. ज्यातून सारा निघत नाही ती पड. त्या हिशेबात गवत हे पीक नव्हतं आणि चिंकारा तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. पुढे पड शब्द चिकटला तो चिकटलाच. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी-गवताळ जमिनी मोजलेल्या आहेत. कागदावर पडीक असलेल्या जमिनीवर उद्या सौर प्रकल्प, परवा एमआयडीसी आणि तेरवा मुरुमाची खाण येते, आणि विरोध करणाऱ्याला लोक विचारतात, ‘तिथे आहे काय?’ आपलं सगळं काम म्हणजे या प्रश्नाचं लेखी उत्तर तयार ठेवणं.

तुकडा वनखात्याचा असेल तर पहिली ओळख त्या बीटच्या, म्हणजे तेवढ्या हद्दीच्या, वनरक्षकाशी करून घ्या. त्याच्या नकळत तिथे काहीही करू नका, चांगलं कामसुद्धा नको. गायरान असेल तर ग्रामपंचायत आणि तहसील. गायरानावरची अतिक्रमणं हटवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सगळ्या राज्यांना निर्देश दिलेत. तो निकाल अर्जात लिहिला की साहेब अर्ज निदान पूर्ण वाचतात. खाजगी गट असेल तर मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. मालकाला तुमच्या खोकडाशी देणंघेणं नसतं, गवताच्या पैशाशी असतं. मग गवताबद्दलच बोला.

झाडं लावू नका

हे ऐकून पोरांची तोंडं उतरतात. पण माळ म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जमीन नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसात आणि वीतभर मुरमावर जे टिकतं ते हेच: गवत, मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, कुठे नेपतीचं झुडूप. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवर राहतात, तिथेच अंडी घालतात. त्यांना चारी बाजूंनी लांबवर दिसायला लागतं. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळे आणि शिकारी पक्षी त्यांवर बसून जमिनीवरची अंडी टिपतात. माळढोक देशभरात दीडशेच्या आत उरला, त्यामागे विजेच्या तारा, शिकार, शेती अशी बरीच कारणं आहेत. पण मोकळा माळ गेला हे त्यातलं मूळ कारण.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. शेवटच्या वर्षाचं लक्ष्य तेहतीस कोटींचं होतं. एवढे खड्डे काढायला मोकळी जागा कुठे सापडणार? माळावर. आमच्या भागात आजही गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्या सरळ रांगा दिसतात. गिरिपुष्पाखाली गवत नाही, किडा नाही, आणि गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. सलग समतल चरांचंही तसंच. पाणी अडवणं चांगलंच, पण जुन्या गवताचा थर उलटापालटा करून नव्हे. चर खणल्यावर भरावावर पहिलं उगवतं ते गाजर गवत.

माळ चांगला की खंगलेला हे ओळखायची मोजणीदाराची सोपी खूण आहे: गवत उपटून बघू नका, नुसतं वाकून नाव विचारा. पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं ठोंबाठोंबाने वाढलेली असतील तर माळ धडधाकट आहे. कुसळीच जास्त दिसू लागली तर चराईचा ताण आहे. आणि नुसती आखूड कुसळं, तरवड, रुई, सराटा एवढंच उरलं असेल तर गुरांनी खाण्यासारखं सगळं खाऊन नको ते मागे ठेवलंय. तरवडाला जनावर तोंड लावत नाही, म्हणून तो पिवळाधमक फुललेला माळ फोटोत सुंदर दिसतो आणि धनगराला रडवतो.

काढायचंच असेल तर उपरं काढा. गाजर गवत फुलावर यायच्या आत, पावसानंतर माती ओली असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, कारण अंगावर पुरळ उठतं. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. कुदळीने जमिनीखाली, खोड आणि मूळ जिथे जुळतं त्याच्या खाली घाव घालून तोडायची आणि उलटी करून ठेवायची, म्हणजे पुन्हा मुळं धरत नाही. पुढची दोन-तीन वर्षं त्याच जागी फिरून रोपं काढावी लागतात. त्यामुळे एकदम मोठा तुकडा हाती घेऊ नका. जेवढ्यावर परत येणं झेपेल तेवढाच घ्या. आणि घाणेरी काढण्याआधी आत वाकून बघा. रानडुक्कर निघू शकतं.

जमीन वाचायची कशी

सकाळी सूर्य उगवायच्या वेळी माळावर असावं आणि नऊला परतावं. उन्हाळ्यात तर साडेआठनंतर माळावर माणूस आणि मृगजळ दोघंच उरतात. कपडे मातकट, पायात घोट्यावर येणारे बूट. फुरसं हा विषारी साप इथलाच आहे, दगडाच्या कपारीत नाहीतर गवताच्या ठोंबात बसतं. हाताने दगड उलटायची सवय असेल तर ती आजच सोडा. दुर्बीण असली तर ८×४२ची पुरे. नसली तरी पहिलं वर्ष अडत नाही, कारण माळावरची निम्मी माहिती पायाखाली असते.

पाऊलवाटेच्या धुळीपासून सुरुवात करा. ठशात नखं उमटलेली असतील तर बहुधा कुत्र्याच्या कुळातलं, नसतील तर मांजराच्या. खोकडाचा ठसा लहान, दोन इंचांच्या आतला. लांडग्याचा चार इंचांच्या आसपास, आणि तो चालतो ते सुतात धरल्यासारखा एका रेषेत. गावचा कुत्रा हुंगत, वळत, मागे जात चालतो. नुसत्या एका ठशावरून लांडगा आणि मोठा कुत्रा वेगळा काढणं अवघड, म्हणून ठसा नका बघू, चाल बघा. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी पडते, हाडं चावून खाल्ल्यामुळे. खोकडाची लेंडी काडीने फोडा. थंडीत बोरांच्या बिया निघतात, पावसाळ्यात भुंग्यांची चमकदार कवचं. चिंकारा एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा ढीग सापडला की ती त्याची येण्याजाण्याची जागा. तिथे लांब बसून राहा, मागे धावू नका. शेपूट काळी आणि सारखी हलणारी, त्यावरून तो दुरूनही कळतो.

खोकडाच्या बिळाला तोंडं अनेक असतात. वापरातल्या तोंडाशी माती मोकळी, ताजी, आणि कोळ्याचं जाळं नसतं. फेब्रुवारी ते मे या काळात पिल्लं असू शकतात, त्यामुळे या दिवसांत बिळाजवळ बसायचं नाही, कॅमेरा लावायचा नाही, आणि मित्रांना तर मुळीच न्यायचं नाही. लोकांच्या पायांनी तिथे वाट पडली की कुत्री त्या वाटेने जातात. बाभळीच्या आणि हिवराच्या काट्यांवरही नजर फिरवा. टोचून ठेवलेला नाकतोडा किंवा पालीचं पिल्लू दिसलं तर ते खाटीक पक्ष्याचं कोठार.

एक गोष्ट मात्र जवळून बघण्यासारखी आहे. एप्रिल-मे महिन्यात, वळिवाच्या आधी, हद्दीच्या दगडावर हातभर अंतरावरून बघावा असा सरडा असतो. नर दगडाच्या माथ्यावर चढतो, पुढच्या पायांवर उठतो आणि गळ्याखालची घडी एकदम उघडतो. निळा, काळा आणि केशरी पंखा. उघडतो, मिटतो, मान वळवतो, पुन्हा उघडतो. पलीकडच्या दगडावर दुसरा नर असेल तर हे बराच वेळ चालतं. मादी मात्र मातीच्या रंगाची, खाली कुठेतरी किडे वेचत असते, वर बघतेय असं मला तरी कधी वाटलं नाही. या जातीच्या सरड्यांना २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ असंच शास्त्रीय प्रजातिनाम दिलंय. माझ्यासारख्याने अख्खी हयात त्यांना दगडावरून हुसकावून मोजणीचे शंकू रोवले.

उन्हाळ्यातच टिटव्यांची घरटी असतात. घरटं म्हणजे काय तर जमिनीत बशीएवढा खळगा, आजूबाजूला खडे आणि मध्ये सहसा चार अंडी, ठिपक्यांची, मुरमाच्याच रंगाची. बघता बघता पाय पडतो. माळटिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा पुढे पळून बसल्याचं सोंग करू लागली, तर तिथेच थांबायचं. पुढचं पाऊल टाकायच्या आधी जमीन बघायची आणि आल्या वाटेने परत फिरायचं. अंडी सापडलीच तर जवळ उभं राहून फोटो काढू नका. कडक उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी थंड ठेवतो. तुमच्यामुळे तो पाऊण तास लांब राहिला तर अंडी आत शिजतात. शिवाय कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतो. तुम्ही जिथे वाकलात तिथे तो नंतर जातो.

पखुर्ड्या बघायच्या तर एप्रिलमध्ये सकाळी आठ-साडेआठला पाणवठ्याकडे, थोड्या अंतरावर बसून. थवे बोलत बोलत येतात, पटकन पितात, उडतात. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेतो. थंडीत ऑक्टोबर ते मार्च भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्या पट्ट्यात दिवस मावळताना जाऊ नका, आणि गवत कापणाऱ्यालाही तो तुकडा शेवटी घ्यायला सांगा.

एक गुंठा

‘आज खूप पक्षी दिसले’ ही नोंद नव्हे. माझी पद्धत मोजणीची आहे. माळावर तीन-चार जागा निवडा: एक चांगल्या गवताची, एक चरून उघडी झालेली, एक झुडपांची. प्रत्येक ठिकाणी तेहतीस फुटांची दोरी घेऊन तेहतीस बाय तेहतीसचा चौकोन आखा, म्हणजे झाला एक गुंठा. कोपऱ्यांवर ओळखू येतील असे दगड ठेवा, रंग लावू नका. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात गवत पिकल्यावर आणि मे अखेरीला, त्या गुंठ्यात कोणती गवतं किती ठोंब, किती झुडपं, किती उघडी जमीन, किती शेण-लेंड्या, हे लिहा. एकाच दगडापाशी उभं राहून एकाच दिशेने फोटो घ्या. पाच वर्षांनी हे फोटो शेजारी ठेवले की अधिकाऱ्यापुढे तुम्हाला भाषण करावं लागत नाही.

पक्ष्यांसाठी ठरलेली वाट, ठरलेली वेळ, आणि न दिसलेल्याचीही नोंद. ईबर्डवर यादी टाकली तर ती इतरांनाही वापरता येते. झाडं, किडे, सरडे यांचे फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले तर ओळख पटवून मिळते. पण बिळं, घरटी आणि तरसाच्या गुहा यांचं नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. ते वहीत, गट नंबरासह, आपल्याजवळ. फोटोग्राफरांच्या गाड्या एकदा यायला लागल्या की माळावर चाकोऱ्या पडतात, आणि त्या चाकोऱ्यांतून पुढच्या पावसात ओघळ निघतात. शाळेतल्या मुलांना घेऊन जायचं असेल तर नोव्हेंबर उत्तम. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. त्यामधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तेव्हा घरटी नसतात, गवत सोनेरी असतं आणि हेडमास्तर परवानगी देतात.

वहीत आणखी एक रकाना ठेवा: धनगर काय म्हणाला. आमच्या भागातले मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर वर येतात. लांडगीण यंदा कुठे व्याली, कुठल्या ओढ्यात पाणी टिकलं, कुठलं गवत मागे पडलं, हे त्यांना ठाऊक असतं. फक्त त्यांना ‘माहिती द्या’ म्हणून विचारू नका. मेंढरं बसल्यावर चहाला बसा, आपोआप निघतं.

चराई, कापणी, वणवा

चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द आदर्श गावांमुळे सगळ्यांना पाठ आहेत, आणि उजाड टेकडीवर त्यांचा उपयोग झालाय यात शंका नाही. पण माळावर कायमची, संपूर्ण चराईबंदी मला पटत नाही. एक तर ज्याचं पोट माळावर आहे तो माणूस तुमचा शत्रू होतो. दुसरं, धाविक आणि माळटिटवीला आखूड, चरलेलं गवतच लागतं. लाव्यांना आणि भोवत्यांना उंच लागतं. दोन्ही हवं. म्हणून माळाचे तीन भाग करा. एक भाग जूनपासून गवताचं बी पडेपर्यंत बंद ठेवायचा, बाकी दोन चालू. पुढच्या वर्षी बंद भाग बदलायचा. हद्द म्हणून तारेचं कुंपण घालू नका. चिंकारा अडकतो. ओढा, पायवाट, दगडांची रांग पुरते, जर बैठकीत सगळ्यांसमोर ठरलं असेल तर.

कापणी बी झडल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कुसळीचं बी ओलाव्याने पीळ खातं आणि स्वतःला जमिनीत फिरवून रोवतं. त्याला तेवढा वेळ दिला तर पेरणीचा खर्च नाही. विळ्याने, जमिनीपासून चार बोटं वर कापा. यंत्राने तासून काढलं तर ठोंब मरतो.

वणव्याबद्दल गावात पक्का समज असतो की जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं. अर्धं खरं आहे. बहुवर्षायू गवताचं मूळ जमिनीखाली असतं, ते तग धरतं आणि हिरवा फुटवा लवकर दिसतो. पण दर वर्षी तोच पट्टा जळाला तर बोरीची-हिवराची रोपं, किड्यांचे कोष, सरडे, सगळं जातं, आणि मार्चनंतर पेटलं तर टिटवीची अंडीही. वनजमिनीवर आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, हेही सांगून ठेवा. करायचं ते एवढंच: दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की रस्त्याच्या कडेला आणि दोन भागांच्या मध्ये पाच-सहा मीटर रुंद पट्टा कापून, काडीकचरा उचलून साफ ठेवायचा. आगी बहुतेक रस्त्याकडूनच येतात: विडी, बांधावरचं पाचट, कधी नुसती मस्ती. वनखात्याच्या हद्दीतले जाळपट्टे तेच घेतात, तुम्ही वनरक्षकाला जानेवारीतच आठवण करा. आग लागली तर हिरव्या फांद्यांनी कडेकडेने झोडपत, वाऱ्याच्या मागच्या बाजूने. समोरून कधीच नाही.

कुत्री हा अवघड विषय. मोकाट कुत्र्यांचे कळप चिंकाऱ्याची पाडसं मारतात, खोकडांना रोग देतात. त्यांना विष घालायचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथेच थांबवा. गुन्हा तर आहेच, आणि त्याच विषाने तरस, खोकड, घारी मरतात. कोंबड्यांचा आणि हॉटेलांचा कचरा माळाच्या कडेला टाकणं बंद पाडा, म्हणजे कळपांची संख्या आपोआप आवरते. निर्बीजीकरण, लसीकरणासाठी पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोला.

आणि पाणवठे. सिमेंटचे उभ्या कडांचे हौद बांधू नका, खोकडाचं पिल्लू आत पडलं की निघत नाही. बांधायचाच तर उथळ, सगळीकडून उतार असलेला. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो, त्याला तुमच्या टँकरची तितकी वाट नसते. त्यापेक्षा माळाच्या कडेच्या बिनकठड्याच्या विहिरी शोधा आणि मालकाला कठडा बांधायला मदत करा. कोल्हे, खोकडं, लांडगे त्यांत पडतात.

ग्रामसभा

जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावातही ती समिती असणार. सदस्यांनाच माहीत नसेल, तो भाग वेगळा. हरित लवादाच्या रेट्याने २०२०च्या आसपास या नोंदवह्या घाईघाईत भरल्या गेल्या. आमच्याकडच्या एका माळाच्या गावच्या नोंदवहीत शेकरू, म्हणजे दाट जंगलातली मोठी खार, लिहिलेला मी स्वतः वाचलाय. तिथे आंब्याचं झाडसुद्धा विहिरीजवळ एकच.

नोंदवही बघायला मागा, चुकीचं दाखवून द्या आणि तुमच्या वहीतल्या नोंदी तारखांसह भरायला लावा. नोंदवहीत गट नंबर टाकून ‘या गायरानावर चिंकारा, खोकड, माळटिटवी यांचा अधिवास’ असं लिहिलेलं असेल, तर उद्या त्या गटाची मागणी झाल्यावर निदान एक सरकारी कागद तुमच्या बाजूने बोलतो. चिंकारा आणि लांडगा हे दोघं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे त्यापुढे लिहा.

ठराव कधी आणायचा तेही बघा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी होतात. वृक्षलागवडीचे खड्डे मे-जूनमध्ये पडतात, म्हणून ‘गट अमुक-तमुकवर खड्डे व चर घेऊ नयेत, लागवड शाळेभोवती, रस्त्याकडेला व गावठाणात करावी’ हा ठराव १ मेच्या सभेत. चराईचे भाग ठरवायचे तर तेही तेव्हाच, कारण जूनपासून बंदी लागू करायची असते. ऑगस्टमध्ये आणलात तर गवत अर्धं खाऊन झालेलं असतं. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह लगेच घ्या. ‘उद्या या’ म्हटलं तरी बसून राहा. सूचक-अनुमोदकात एक मेंढपाळ आणि एक महिला बचत गटाची असली तर ठराव मोडायला कुणी सहजी धजत नाही.

लोक पुढे विचारतात, छोट्या तुकड्याने काय होणार? सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी तर त्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा जागेत चिंकारा आणि काळवीट टिकलेत, ते आजूबाजूच्या गायरानांच्या आणि पोटखराब्यांच्या आधाराने. तुमचा माळ त्या साखळीतली एक कडी असेल. नकाशावर शेजारच्या गावांचे गटही जोडून बघा आणि त्यांच्या सरपंचाला भेटा.

फोन कुणाला

वनविभागाची मदतवाहिनी १९२६. विहिरीत प्राणी पडला, गाडीने धडकला, शिकारीचे फासे दिसले, वणवा लागला, तर आधी तिथे फोन आणि मग वनरक्षकाला. नंबर बिनउचलला राहिला तर वेळ टिपून ठेवा. फासा दिसला तर हात न लावता फोटो काढा आणि गट नंबर सांगा. लांडग्याने मेंढरू नेलं तर मेंढपाळाला म्हणावं, मेलेलं जनावर हलवू नको, त्याच दिवशी कळव. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते, आणि भरपाई मिळाली तर विषाची बाटली निघत नाही. या कामात अर्ज लिहून द्यायला तुम्ही स्वतः जा.

साप चावला तर १०८. दोरी बांधणं, कापणं, चोखणं नाही. हात-पाय न हलवता, धीर देत सरळ सरकारी दवाखान्यात.

आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी टिटवीचं पिल्लू खोक्यात घालून आणतं, ‘एकटं फिरत होतं’ म्हणून. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतं, एकटं दिसणं हे त्याचं रोजचं आहे. आई-बाप जवळच असतात. त्याला दूध पाजू नका, तांदूळ घालू नका. आणणाऱ्यालाच सोबत घेऊन जिथून उचललं तिथे सोडा, शंभर पावलं मागे या, आणि तासभरात मोठा पक्षी जवळ आला नाही तरच १९२६ फिरवा.